तिसऱ्या मजल्यावरची झिलाई

६ जानेवारी, सोमवार

टिंग, टिंग, टडाक्. आणि मागून स्प्रिंगचा तो लांबलेला घ्रांव्.

आज दाढी करताना हा आवाज पुन्हा डाव्या कानात वाजला. उजव्या कानाने दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिलाय. १९७२ साली टेलिफोन खात्याच्या ट्रेनिंगला होतो तेव्हा जवळच्या इराण्याकडे कोपऱ्यात गोळीचं यंत्र होतं. उतरती काचेची पेटी, आत पोलादी गोळी. बाजूची बटणं दाबून दोन पंख हलवायचे, गोळी खाली पडू द्यायची नाही. आजची पोरं त्याला पिनबॉल म्हणतात. गोळी घंटेवर आपटली की टिंग, खाली पडली की टडाक्. शाळेत कवितेला चाल लागायची तशी त्या यंत्राला होती.

तर ते यंत्र आज घरी आलं! म्हणजे तेच नव्हे, त्याचं भावंड. मानखुर्दच्या भंगारवाल्याकडे पालथं पडलं होतं. चार हमालांनी सुटं करून तीन जिने वर आणलं. लिफ्ट नसल्याबद्दल त्यांनी चारकोपला आणि मला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

प्रेमाला म्हटलं, "आठवतं? लग्न ठरल्यावर तुला त्या इराण्याकडे नेलं होतं. हिरव्या साडीत होतीस. तू माझ्यापेक्षा जास्त गुण केलेस."

"मी जन्मात हिरवी साडी नेसले नाही," ती म्हणाली. "कोण होती ती?"

यंत्राची आठवण पक्की आहे. साडीची तपासून घ्यावी लागेल.

९ जानेवारी, गुरुवार

भाग मोजले. कंस, खिळे, खांब, स्प्रिंगा, पट्ट्या धरून चारशे बारा. सगळ्यांवर गंज. आतले रिले मात्र ओळखीचे निघाले. बोरिवलीच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये मी तीस वर्षं असलेच रिले साफ केले. वीज आली की टक् करून मान डोलावणारी गरीब माणसं ती. त्यांचं मी बघेन, पण चारशे भाग हाताने घासायचे तर माझ्या बोटांचं आयुष्य पुरणार नाही.

सोसायटीच्या पुनर्विकासाचं संमतिपत्र पुन्हा आलं. बत्तीस घरांची सही असल्याशिवाय बिल्डर इमारतीला हात लावणार नाही म्हणे. उत्तम. माझी मिळणार नाही. बत्तीस वर्षं या भिंतींनी माझ्या कविता ऐकल्यात. नव्या तेविसाव्या मजल्यावरच्या भिंतींना काय कळणार? शिवाय तीन वर्षं भाड्याच्या खोलीत राहायचं, तिथे हे यंत्र मावायचं नाही.

पत्राचा कागद जाड आहे. त्यावर खिळे वाळत घातले.

१५ जानेवारी, बुधवार

प्रेमाचं हळदीकुंकू. बावीस जणींना बोलावणं होतं, सहा वर आल्या. बाकीच्यांनी खालूनच हाक मारली, "प्रेमाताई, वाण खाली पाठवा हो, गुडघे नाहीत!" तीन वेळा प्रेमा वाण घेऊन खाली गेली. चौथ्या वेळी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, वारा चांगला येतोय.

खरंच, आपल्या जिन्यात वारा फार छान येतो. असा जिना आता कोण बांधतं?

मुलुंडहून श्रुतिकाचा फोन. "बाबा, आईच्या गुडघ्यांकडे बघता का कधी?" मुलीच्या जातीला काळजी करायची सवयच असते. म्हटलं, रोज बघतो.

१८ जानेवारी, शनिवार

घबाड मिळालं! चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत देवेश नावाचा माणूस नकली दागिने बनवतो. त्याचा जुना टम्बलर त्याने मला दिला. दिसायला मोठ्या तोंडाची बादली, खाली चार स्प्रिंगा, पोटात मोटर, मोटरीला एका बाजूला वजन. वजन वाकडं असल्याने मोटर फिरली की बादली थरथरते. आत भुगा टाकायचा, भुग्यात गंजके भाग. ते भुग्यात घासत घासत आपोआप गोल फिरत राहतात. चार तासांत लखलखीत. ना ब्रश, ना कोपर.

देवेश म्हणाला, "काका, पण हे तळमजल्यावर ठेवायचं हां. वर नका नेऊ."

माझ्या वयाची केवढी काळजी! म्हटलं, हमाल आहेत.

गॅलरीत लावला. पहिल्यांदा चालू केला तेव्हा बादली चालत चालत दारापर्यंत आली, म्हणून पिलरला टेकवून खालच्या काँक्रीटमध्ये चार बोल्ट मारून घट्ट बसवला. आता कुठे जाते बघू.

भुग्यासाठी दागिनेवाले अक्रोडाची सालं वापरतात. आपण कोकणातली माणसं, अक्रोड कुठले? करवंट्या! वर्षाच्या साठवल्या होत्या, त्या हातोड्याने फोडून घरघंटीतून भरडून काढल्या. प्रेमा म्हणाली, "हे काय घरात रोडरोलर आणलात?" रात्रीची भाकरी जरा कचकचली. घरघंटी पुसायला हवी होती, हे मान्य.

२२ जानेवारी, बुधवार

काय सांगू! पहिला घाणा बाहेर काढला आणि डोळे भरून आले. बावन्न खांब, चाळीस खिळे, जणू आजच कारखान्यातून निघालेत. आणि आवाज! मोटर घुरघुरते ती चक्क भुजंगप्रयातात. लगागा लगागा लगागा लगागा. लघु-गुरू मोजत अर्धा तास उभा होतो. शाळेत गुरुजी पट्टीने बाकावर हेच वृत्त वाजवायचे, चुकलं की आमच्यावर. लगेच दोन ओळी सुचल्या:

निघे गंज सारा, झळाळे झिलाई
जुना देह माझा, मला काय घाई

प्रेमाला म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, "हे एक ते पाच चालणार असेल तर तुम्ही वाचनालयात जाऊन बसा. दोन आवाज मला झेपत नाहीत."

तसंच ठरलं. जेवण झालं की एकला बटण दाबायचं, वाचनालयात जायचं, पाचला येऊन बंद करायचं. रविवारी वाचनालय बंद, म्हणून टम्बलरलाही सुट्टी.

२८ जानेवारी, मंगळवार

वाचनालयातून येताना सेक्रेटरी भीमराज जिन्यात भेटला. आमच्याच खालच्या घरात राहतो, बँकेत आहे. त्याची आई अंथरुणाला आहे. तिला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. पुनर्विकासासाठी तोच धावतोय, पण माणूस सरळ.

"काका, दुपारी तुमच्याकडे भांडी वाजतात का?"

"दुपारी मी घरी नसतो."

"आईच्या खाटेला हादरे बसतात. ग्लासातलं पाणी थरथरतं. समोर नव्या इमारतीसाठी जमिनीत खांब ठोकतायत ना, ते पायलिंग, त्याचं असणार."

मी वर येऊन टम्बलर बंद केला आणि पाच मिनिटं जमिनीवर हात टेकून बसलो. काही नाही! कान लावून ऐकलं. शांत. भीमराज भित्रा आहे.

प्रेमा लसूण सोलत होती. तिला सगळं सांगितलं. हातातली पाकळी तशीच राहिली तिच्या. मग म्हणाली, "तुमचं ते मशीन एक ते पाचच ना?"

"हो."

"बरं."

२ फेब्रुवारी, रविवार

पार्किंगमध्ये सोसायटीची सभा. विषय एकच, इमारत हलते. चौघांच्या भिंतीवरच्या तसबिरी वाकड्या झाल्यात. एकीचा फ्रीज एक वीत पुढे आलाय. आमच्याकडे मात्र एकही तसबीर हललेली नाही, कारण प्रेमा संध्याकाळी त्या सरळ करते. टापटीप म्हणतात ती हीच.

भीमराज म्हणाला, "आठवड्याचे सहा दिवस, एक ते पाच. रविवारी बंद. म्हणजे पायलिंगच. पण धडधाकट इमारत पायलिंगने अशी हलत नाही. आपली आतून खचलीय."

मी विचारलं, "हलते म्हणजे कशी?"

त्याने टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. मी थक्क! लगागा लगागा लगागा लगागा. भुजंगप्रयात! उठून सांगितलंच मी, मित्रहो, घाबरू नका, जी वास्तू वृत्तात थरथरते ती पडत नाही. मुक्तछंदात थरथरली असती तर मीच आधी बाहेर पडलो असतो. माझ्या टम्बलरलाही तीच लय सापडावी आणि या इमारतीलाही! सृष्टीत एक अंतःसूत्र आहे.

कोणी टाळी वाजवली नाही. तळमजल्याच्या शकुताई तेवढ्या माझ्या बाजूने उठल्या. वय एकोणऐंशी, मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता. एकट्या राहतात.

"हलूंदेत!" त्या कडाडल्या. "माझ्या घोवान संप बघल्यान, गिरण बंद पडलेली बघल्यान, पण मी इकडची तिकडं झालंय नाय. मी हंयच मरतलंय, पण सही करूचंय नाय!"

चौदा सह्या होत्या, सभेनंतर तेवीस झाल्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

पंखांचे दांडे चकाकले. एक पट्टी मात्र वाकली. माझ्यासारखीच, कोणत्या बाजूने सरळ करावी कळेना.

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रेमात केवढा बदल! जिला हे यंत्र म्हणजे अडगळ वाटायची तीच आता दुपारी जेवण लवकर वाढते. "चला, एक वाजला, मशीन लावा." काल मी विसरलो तर तिने स्वतः लावलं. आज विचारत होती, बादलीत आणखी जड भाग घातले तर चालतील का? म्हटलं, झिलाई चांगली येईल, पण थरथर वाढेल. "वाढू दे," म्हणाली.

एवढ्या उशिरा का होईना, माझ्या छंदाला घरातून साथ मिळाली. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या एकाही कवितेची दुसरी ओळ ऐकून घेतली नाही. तिच्या मनाची वाट झिलाईतून जात होती तर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तीस सह्या! उरलो दोन. मी आणि शकुताई.

चौथ्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून पवईला मेव्हण्याकडे राहायला गेलं. जाताना त्यांची म्हातारी आजी जिन्यात रडत होती. मला फार वाईट वाटलं. पायलिंगवाल्यांना काही मनच नाही. बिल्डरने मुद्दाम तर चालवलं नसेल? एक भलं मोठं पत्र लिहायला घेतलंय. "कोणाच्या तरी स्वार्थासाठी बत्तीस कुटुंबांची झोप उडवणारे हात कोणाचे?" असं पहिलं वाक्य आहे. प्रेमाला वाचून दाखवलं. तिला एकदम ठसका लागला.

एक नवल लिहून ठेवतो. मी घरात असतो तेव्हा इमारत कधीच हलत नाही. पाचला आलो, टम्बलर बंद केला, की सगळीकडे शांतता. भीमराजही म्हणाला, "काका, तुम्ही आलात की थांबतं." धनी ओळखते वास्तू.

२६ फेब्रुवारी, बुधवार

यंत्र उभं राहिलं! चारशे अकरा भाग बसवले. एक उरला, पण तो कुठला ते यंत्रालाही माहीत नसावं. बटण दाबलं, गोळी सोडली. टिंग. टिंग. आणि टडाक्. उपासाची खिचडी पानात तशीच राहिली. प्रेमाने माझं मन राखायला एक डाव खेळला आणि माझ्यापेक्षा जास्त गुण केले. हिरव्या साडीचं मी काही बोललो नाही.

म्हटलं, "चला, टम्बलरचं काम संपलं. देवेशला परत देऊन टाकतो."

"छे!" ती एवढ्या जोरात म्हणाली की मी दचकलो. "माझी देवाची भांडी राहिलीत. समया, घंटा, तांब्या. दारांच्या कड्या. आणि तुमच्या आईचा तो पितळी बंब."

बंब बादलीत मावणार नाही. पण उत्साह बघा!

३ मार्च, सोमवार

भीमराज घरी आला. येत्या रविवारी दुपारी दोनला स्ट्रक्चरल ऑडिटर येणार, उपकरण लावून इमारतीचे हादरे मोजणार. अहवालात 'अतिधोकादायक' आलं तर सहीबिही राहिली बाजूला, सगळ्यांना घर रिकामं करायची नोटीस निघेल.

मी हसलो. "रविवारी? रविवारी तर ती हलतच नाही."

"हो ना," भीमराज कपाळावर हात मारून म्हणाला. "साहेबांना दुसरा दिवसच नाही. वाट लागली. पुन्हा सगळे म्हणणार, इमारत ठणठणीत आहे, सह्या परत द्या. आईला मी किती दिवस खुर्चीतून उतरवू, काका?"

मला आतून आनंद झाला आणि त्याचा चेहरा बघून तो आनंद कुठे ठेवावा कळेना. तो गेल्यावर प्रेमाला म्हटलं, वाचली आपली इमारत.

ती म्हणाली, "समया रविवारी लावू या मशीनमध्ये."

"रविवारी का?"

"गुढीपाडवा जवळ आला."

पाडव्याला अजून सत्तावीस दिवस आहेत. बायकांची तयारी लवकर असते.

९ मार्च, रविवार

हे सगळं सरळ रेषेत लिहायचा प्रयत्न करतो. दुपारचे पावणेदोन वाजलेत. ऑडिटर अजून यायचाय.

वाचनालय बंद म्हणून मी घरात होतो. एक वाजता प्रेमाने बादलीत समया, घंटा, तांब्या, दोन खलबत्ते आणि इस्त्रीचं जुनं लोखंड घातलं आणि बटण दाबलं. मी आत टेबलाशी लिहायला बसलो. कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. थोड्या वेळाने कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठायला लागली. पेन गडगडत टेबलाच्या कडेला गेलं. जमीन तळपायांना गुदगुल्या करू लागली.

हलतेय! इमारत खरंच हलतेय! आणि तीही रविवारी!

एक्स्चेंजमध्ये तारेत बिघाड कुठे आहे ते आम्ही असं शोधायचो, बोट ठेवत ठेवत पुढे जायचं, जिथे जास्त तिथे वळायचं. मी भिंतीवर तळहात ठेवला आणि निघालो. खोलीच्या कोपऱ्यात कमी. बाहेरच्या खोलीत जास्त. गॅलरीच्या दाराशी दात वाजायला लागले. पिलरवर हात ठेवला आणि हात ठेववेना. पिलरला टेकून माझी बादली चार बोल्टांवर नाचत होती.

बाजूला प्रेमा स्टुलावर बसून मटार सोलत होती. मला बघून थांबली नाही.

कानात यंत्र घातलं. विचारलं, "तुला माहीत होतं?"

"भीमराज पहिल्यांदा बोलला त्या दिवसापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय काय सांगू?" तिने शेंग मोडली. "तीन वर्षं सांगतेय, मला जिना चढवत नाही. तुम्ही म्हणता वारा छान येतो. डॉक्टरांचा कागद दाखवला तर त्याच्या मागे कविता लिहिलीत. ऐकू येत नाही म्हणून नाही हो, तेव्हा दोन्ही कान चालू होते तुमचे."

चौऱ्याहत्तर वर्षांचा मूर्ख. सृष्टीचं अंतःसूत्र म्हणे! सभेत उभा राहून बोललो ते! आणि ते पत्र, कोणाच्या तरी स्वार्थासाठी... तिला ठसका का लागला ते आत्ता कळलं.

"पण लोक घर सोडून गेले, प्रेमा. ती म्हातारी जिन्यात रडत होती."

"बघितलं मी. तिच्यापुढे मला मान वर करता येईना." तिचा आवाज जरा खाली आला. "आजच्या दिवस चालू दे. एक तास. तो मोजून जाऊ दे. मग आयुष्यात मी तुमच्याकडे काही मागणार नाही. मला फक्त खाली जायचंय हो. भाजी आणायला, देवळात. माणसासारखं जाऊन परत यायचंय."

एकीकडे माझं घर. दुसरीकडे ती. तिच्या पदरातले मटार टम्बलरच्या तालावर थरथरत होते. खोटं बोलून इमारत पाडायची हे मला पटेना, आणि खरं सांगून तिला पुन्हा त्या पायऱ्यांवर बसवायचं हेही. बटणावर बोट ठेवलं. ते दाबायचं धाडस मला झालं नाही, काढायचंही झालं नाही.

तेवढ्यात बेल वाजली. ऑडिटर वेळेआधीच आला वाटून मी दार उघडलं.

दारात शकुताई! अकरा वर्षांत ज्या पहिल्या मजल्यावरही चढल्या नाहीत त्या. घामाने न्हालेल्या, एका हातात कठडा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीतून देवांच्या तसबिरी डोकावत होत्या. मी धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "मी सही करून इलंय. आत्ताच भीमराजाकडे दिलंय."

"तुम्ही? सही?"

"भिया वाटला ओ. आज आयतवार, तरी हलाक लागला. म्हटलंय आता काय ता पायलिंग नाय, आता पडताच. खाली रवलंय तर तुमचे चारय माळे माझ्या टकलेर येतले. वरचो माणूस ढिगाऱ्याच्या वर रवता." त्या रडायला लागल्या. कोणाला न भिणाऱ्या शकुताई, पदर तोंडात धरून. "एकट्यान मराक नको माका. मेलंय तर तुमच्यात मरान."

मी प्रेमाकडे पाहिलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. ती उठली. मटार पदरातून सांडले, घरभर घरंगळले, तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरून ती गॅलरीत गेली. बटणापाशी वाकली.

मग जमीन थांबली. चहावरची वर्तुळं विरली.

शकुताईंनी रडणं आवरलं. तळपाय जमिनीवर दाबून पाहिले, भिंतीला हात लावून पाहिला. मग पिशवीतली तसबीर बाहेर काढून कपाळाला लावली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघलास गो वयनी? देव वर इले आणि थांबला! तांब्याभर पाणी दी, हंयच मांडतंय त्यांका. आता मी खाली जावचंय नाय."